तवा वाजला की बोलायचं

“आतल्या खोलीत कोण झोपलंय ते आधी बघ, पोरी. झोपलेल्याला लाथ घालायची आणि मग माफी मागायची, त्यात काय हशील?”

पॅपॉ होबार्टचा हा आवाज ट्रेसाच्या कानात लहानपणी जो शिरला, तो परत बाहेर पडलाच नाही. तंबाखूनं खरखरीत झालेला, ओल्या लाकडातून करवत ओढावी तसा. ओसरीच्या पायरीवर बसून तिच्या आजोबांनी पॉप्लरच्या लाकडाचं एक पिस्तूल कोरलं होतं. कोरियाच्या लढाईत दोन वर्षं त्यांच्या कमरेला जे लटकत होतं, हुबेहूब त्याच्यासारखं. मुठीत खालून काड्यापेटी सरकवायची, ते मॅगझिन. वरची फळी मागंपुढं व्हायची, ती स्लाइड. पॅपॉ मात्र मॅगझिनला डबा म्हणत, स्लाइडला पाठ आणि नळीच्या मुळाशी गोळी बसते त्या जागेला आतली खोली. आधी स्वतःच्या पोरांना आणि मग पोरांच्या पोरांना त्यांनी त्या लाकडी पिस्तुलावर एक गाणं पाठ करायला लावलं होतं. ते आल्याशिवाय खऱ्या पिस्तुलाला हात लावायची सोय नव्हती:

डबा आधी काढ बाळा,
मग मागं पाठ ओढ,
आतली खोली रिकामी बघ,
मगच तुझं तोंड सोड.

ईस्टरपासून ट्रेसाच्या डोक्यात हे गाणं जात्यासारखं फिरत होतं. भांडी घासताना, गाडी चालवताना, झोपताना. ईस्टरच्या आदल्या शनिवारी पिस्तूल ठेवताना आपण चारही ओळी पाळल्या होत्या ना? पाळल्याच होत्या. मग पाळल्या होत्या, तर मॅमॉच्या, म्हणजे आजीच्या, फ्रिजला भोक कसं पडलं?

मे महिन्यातला हा रविवार म्हणजे कॉपर रिज टेकडीवरच्या सायझमोर घराण्यातल्या मेलेल्यांचा नटण्याचा दिवस. कबरींवरचं गवत काढायचं, दगड धुवायचे, फुलं खोचायची आणि मग तिथंच देवदारांच्या सावलीत फळ्या टाकून सगळ्यांनी जेवायचं. यंदा ऊन लोण्यासारखं मऊ होतं. खालच्या तळ्यात बेडूक ओरडत होते, आणि वर पॅपॉच्या दगडापाशी मॅमॉ ऑर्फा आपल्या सुनेवर ओरडत होती.

“शार्लीन, प्लास्टिकची फुलं आणलीस?”

“टिकतात म्हणून आणली, आई.”

“होबार्टला आता कुठं टिकायचंय?”

शार्लीनमामीनं ओठ दाबून फुलं खोचली. दगड जोडदगड होता. डावीकडं पॅपॉंचं नाव आणि दोन तारखा. उजवीकडं मॅमॉचं नाव, जन्माची तारीख, एक आडवी रेघ आणि पुढं कोरी जागा. मॅमॉनं ओल्या फडक्यानं ती कोरी जागा जरा जास्तच प्रेमानं पुसली.

“बघितलंस ट्रेसा? हॉटेलात टेबल राखून ठेवतात, तसं ठेवलंय. तुझ्या मामाला वाटतंय पाहुणी फार उशीर करतेय.”

“आई, असलं काही मला वाटत नाही,” गेलनमामा मागून म्हणाला. तो पॅपॉंसारखाच उंच होता, पण पॅपॉ हसताना खांद्यांनी हसत आणि मामा हसताना आधी आजूबाजूला बघे. डोक्यावर टोपी, टोपीवर ‘सुरक्षा प्रथम’ अशी अक्षरं. दर शनिवारी गावातल्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये तो पिस्तुलाच्या परवान्यासाठी वर्ग घ्यायचा. तालुक्यातल्या निम्म्या लोकांना कुठलं टोक कुठं करायचं ते त्यानंच शिकवलं होतं. उरलेले निम्मे चर्चमध्ये भेटले की त्याला मास्तर म्हणत.

“मग त्या सूर्यफूल निवास वृद्धाश्रमाचं रंगीत पुस्तक माझ्या उशीखाली कुणी ठेवलं? पोरांचे पडलेले दात न्यायला येते त्या परीनं?”

“त्यांच्याकडे तळं आहे, आई. बदकं आहेत.”

“माझ्याकडं तळं आहे. बेडूक आहेत. बदकं मी खाल्ली.”

ट्रेसाची आई, वनेटा, हे ऐकून धूर गिळता गिळता ठसकली. सिगारेट सोडायला तिला चाळीस वर्षं लागली होती आणि अजून सोडणं चालूच होतं. एरवी भावाची टर उडवायची एक संधी ती दवडत नसे, पण आज तिनं हसू पुसलं आणि भावाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. ट्रेसानं ते बघितलं. म्हणजे मॅमॉला तिकडं धाडायचं दोघा भावंडांचं फोनवर ठरलंच होतं.

“आई, तूपण?” तिनं हळूच विचारलं.

“मीपण काय? म्हातारीनं स्वैपाकघरात गोळी झाडली, ट्रेसा. आज फ्रिज होता. उद्या तू असशील.”

“तिनं झाडली असं...”

“तिनं स्वतः सांगितलं! आणि पिस्तूल कुणाचं होतं, ते मी बोलून दाखवू की तू दाखवतेस?”

ट्रेसा कबरीवरचं गवत उपटायला लागली. पिस्तूल तिचंच होतं.

पॅपॉंनी सैन्यातलं पिस्तूल शस्त्रागाराच्या खिडकीतून परत केलं, सही केली, घरी आले आणि जन्मभर त्याच्याच आठवणी काढत राहिले. दुसरं घ्यायचं म्हटलं की कुणाच्या तरी पायाला बूट लागायचे आणि पैसे तिकडं जायचे. ते गेले तरी पिस्तूल आलं नाही. मग दोन हिवाळ्यांपूर्वी, माशांचं आमिष विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या काउंटरवर ट्रेसाला ते दिसलं. तोच जुना आकार, तोच घोडा, तीच मुठीमागची कळ. फक्त फिलिपीन्समध्ये बनवलेलं, करडा रंग जरा खडबडीत, मुठीचं लाकूड शाळेतल्या बाकासारखं. शार्लीनमामीच्या दिवाणखान्यातल्या पडद्यांपेक्षाही स्वस्त. सुरुवातीला ते गोळ्या अडवायचं, नव्या शेळीसारखं. गोळ्यांची पाच-सहा खोकी चारल्यावर मात्र सुतासारखं सरळ झालं. पहिली गोळी झाडली तेव्हा ट्रेसाला वाटलं होतं, हात झटकला जाईल. तसं झालं नाही. जड, सावकाश धक्का. कुणीतरी म्हाताऱ्या हातानं खांदा मागं ढकलावा आणि म्हणावं, सरक गं जरा. ती तिथंच तळ्याच्या बांधावर बसून रडली होती.

गेलनमामाकडं याच जातीचं पिस्तूल होतं, पण ते एका कारागिरानं हातानं घासून जुळवलेलं होतं. तेवढ्या किमतीत जुना ट्रक आला असता आणि ट्रकमध्ये निदान बसता तरी आलं असतं, असं मॅमॉचं मत होतं. मामा ट्रेसाच्या पिस्तुलाला ‘मटाराचा डबा’ म्हणायचा.

आणि मग ईस्टर. जेवणं आटोपली होती, अंगणात पोरं रंगवलेली अंडी शोधत होती, वनेटा ओसरीवर धूर काढत होती. ट्रेसा एका पोराच्या नाकातून जेलीची गोळी काढत होती. तेवढ्यात घरातून धडाड आवाज आला. ती आत धावली तेव्हा स्वैपाकघरात मॅमॉ उभी होती, हातात भांडी पुसायच्या फडक्यावर पिस्तूल धरून, गरम पातेलं धरावं तसं. गेलनमामा सिंकला टेकून उभा होता, बर्फ आणायला आत गेला होता म्हणे. फ्रिजच्या दाराला भोक होतं. दाराखालून मोहरीची पिवळी चटणी अंड्याच्या बलकासारखी वाहत होती. आतल्या हॅमला दुसऱ्यांदा मरण आलं होतं.

ट्रेसा पिस्तूल मॅमॉच्या स्वैपाकघरातल्या पावाच्या डब्यात ठेवायची. रिकामं, आणि भरलेलं मॅगझिन शेजारी वेगळं. “मी रिकामं ठेवलं होतं ना?” ती रडकुंडीला येऊन म्हणाली होती. “मॅमॉ, मी रिकामंच ठेवलं होतं ना?”

“रिकामंच होतं,” मॅमॉ शांतपणे म्हणाली होती. “मी भरलं. मीच उडवलं. आता कुणीतरी पोछा आणा.”

दुसऱ्या दिवशी तिनं भोकावर मेंढरं राखणाऱ्या येशूचं चुंबक लावलं. त्याच्या पुढच्या दिवशी गेलनमामा आला आणि मॅमॉचं जुनं रिव्हॉल्व्हर सुरक्षेसाठी म्हणून घेऊन गेला. लग्नापासून मॅमॉच्या एप्रनच्या खिशात असलेलं. तिनं दिलंही, चष्मा काढून द्यावा तसं.

फळ्यांवर ताटं मांडली होती. हॅम (ईस्टरचं नव्हे), घेवड्याच्या शेंगा, मक्याची भाकर, भरलेली अंडी, केळ्याचं पुडिंग. पुडिंग शार्लीनमामीनं दुकानातून आणून घरच्या भांड्यात ओतलं होतं आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून सगळे “मामी, जमलंय हं” म्हणत होते. मॅमॉनं एक चमचा खाऊन म्हटलं, “दुकानात नवीन बाई आली वाटतं.”

जेवणं झाली तशी माणसं उतारावरून तळ्याकडं निघाली. तळ्याच्या मातीच्या उंच बांधापुढं साखळीनं एक तवा टांगलेला होता. पॅपॉंच्या तव्यांच्या नांगराचा, गोल, जाड, पांढरा रंगवलेला. दर वर्षी रंगवायचा आणि दर वर्षी त्याचे डाग मोजत हसायचं. इकडं अक्रोडाच्या तोडलेल्या झाडाचं खोड होतं, तिथं उभं राहून नेम धरायचा.

नियम पॅपॉंचा. एका नाताळात सगळे सायझमोर एकाच वेळी बोलले होते आणि शेवटी रश्शाचं भांडं भिंतीवर गेलं होतं. त्यानंतर पॅपॉंनी ठरवलं की घरातलं काही मोठं ठरवायचं असेल तर ते मे महिन्यात ठरवायचं आणि तवा वाजवणारानंच बोलायचं. पुढचा वाजवेपर्यंत बाकीच्यांनी तोंडात भाकर कोंबून ऐकायचं. मधे बोललं की सगळ्यांची भांडी घासायची. आणि दुसरा नियम: ज्याची गोळी त्यानं भरायची. दुसऱ्यानं भरलेलं हातात घ्यायचं नाही. आत काय आहे ते भरणाऱ्यालाच ठाऊक, असं पॅपॉ म्हणत.

कानांवर आवाज रोखायच्या घट्ट कानपट्ट्या चढल्या. मॅमॉनं आपली फुलांची रविवारची टोपी काढायला नकार दिला आणि तिच्यावरूनच कानपट्ट्या ओढल्या. ती आता टोपली घातलेल्या कोंबडीसारखी दिसत होती.

पहिला नंबर गेलनमामाचा. त्यानं खिशातून मऊ कातडं काढून ते चकचकीत पिस्तूल पुसलं, पाय रोवले, आणि दुसऱ्याच गोळीला तवा वाजला. सुंदर वाजला, देवळातल्या घंटेसारखा. बेडूक चूप झाले.

मामानं पिस्तूल रिकामं केलं, खोडावर ठेवलं आणि टोपी सारखी केली.

“मी काय म्हणतो, आईचं वय झालंय. हात थरथरतात. त्या दिवशी कुणी मेलं असतं तर? हा माझा एकट्याचा निर्णय नाही, वनेटाशी बोललोय. सूर्यफूलमध्ये खोली मिळतेय. पूर्वेची. घर विकायचं असं कुणी म्हणत नाही. कुलूप लावू. आणि...” तो थांबला. “आणि त्या स्वैपाकघरात तिनं राहू नये. बस. त्या स्वैपाकघरात नको.”

ट्रेसाला ते चमत्कारिक वाटलं. घरात नको म्हणाला असता तर समजलं असतं. स्वैपाकघरात नको?

“नेम चांगला आहे तुझा,” मॅमॉ म्हणाली. “भाषण कुणाकडून आणलंस?”

“आई, भांडी!” शार्लीनमामी ओरडली.

“घासते. सूर्यफूलमध्ये घासायला मिळणार नाहीत म्हणे, आत्ताच हौस फेडून घेते.”

मग वनेटा उभी राहिली. सिगारेट ओठात तशीच. तिनं नवऱ्याचं जुनं पिस्तूल गोळ्या झाडून रिकामं केलं आणि एकही गोळी तव्याला लागली नाही. एक बांधात, एक पाण्यात, एक बहुधा शेजारच्या तालुक्यात. ती हरल्याचं दुःख न करता बाजूला झाली, पण ट्रेसानं पाहिलं, आईनं नेम धरताना डोळेच मिटले होते. तिला बोलायचंच नव्हतं. आपल्या आईला घरातून काढा, हे मोठ्यानं म्हणायची पाळी आपल्यावर येऊ नये म्हणून तिनं मुद्दाम मातीत गोळ्या घातल्या होत्या. त्या क्षणी ट्रेसाला आपल्या आईची माया आली.

“आता मी,” मॅमॉ म्हणाली.

सगळे वळले.

“आई, तुझं रिव्हॉल्व्हर माझ्याकडं आहे. घरी. कपाटात,” गेलनमामा म्हणाला.

“ठाऊक आहे. कुलूपही आहे म्हणे. ट्रेसा, तुझा मटाराचा डबा दे इकडं.”

मॅमॉ खोडापाशी गेली. ट्रेसानं पिस्तूल रिकामं करून, स्लाइड मागं अडकवून दाखवली, मग पुढं सोडली. भरलेलं मॅगझिन वेगळं ठेवलं. मॅमॉनं पिस्तूल उचललं, तोंड बांधाकडं केलं आणि मॅगझिन मुठीत सरकवलं. खट्. ते जमलं. मग तिनं उजव्या हातात मूठ धरली, डाव्या हाताची बोटं स्लाइडवर ठेवली आणि ओढलं.

स्लाइड हलली नाही.

तिनं पुन्हा ओढलं. बोटांची पेरं आल्याच्या कांड्यांसारखी सुजलेली. ती पांढरी झाली, मग लाल. लोखंड केसभर सरकलं आणि परत जागेवर गेलं. तिनं पिस्तूल पोटाशी घेतलं, श्वास घेतला, पुन्हा ओढलं. रिव्हॉल्व्हरला हे करावं लागत नाही. त्याच्या चाकात गोळी बसवली की झालं. म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं की तिच्या बोटांत एवढंसुद्धा बळ उरलेलं नाही.

ट्रेसा पुढं झाली. “मॅमॉ, मी ओढून देते.”

“नाही!” गेलनमामा म्हणाला. “नियम. ज्याची गोळी त्यानं भरायची.”

“मामा, तिला तिच्याबद्दल बोलू तरी दे!”

“नियम बाबांचा आहे, ट्रेसा. माझा नाही. आपण नियम मोडायला लागलो तर...” त्यानं खिशातलं मऊ कातडं पुन्हा बाहेर काढलं.

मॅमॉ पिस्तुलाकडं बघतच नव्हती. ती गेलनकडं बघत होती. दुखतंय, असं नव्हे. विचारावं तसं. ताटात अजून काय वाढू, असं एखादी आई विचारते तसं. मग तिनं मॅगझिन काढलं, पिस्तूल खोडावर ठेवलं आणि एप्रनला हात पुसले.

“बरोबर आहे त्याचं. नियम तो नियम. म्हातारी गप्प.”

ती मागं येऊन खुर्चीत बसली. तळ्यावरून वारा आला आणि तव्याची साखळी किंचित वाजली.

वनेटा भाकरीचा तुकडा चावत होती. चावता चावता तिचा जबडा थांबला.

“ए आई.”

“भांडी घासायची आहेत का तुला?”

“घासते. जन्मभर घासते. आई, हे लोखंड आज तुला हलत नाही. मग ईस्टरला कसं हललं?”

मॅमॉनं टोपीवरच्या फुलाची पाकळी सारखी केली.

“ईस्टरला देव उठला होता. माझ्याही बोटांत आला असेल.”

“आई!”

“असं चर्चमध्ये सांगतात, मी नाही.”

वनेटानं ट्रेसाकडं बघितलं. ट्रेसानं तिच्याकडं. मग दोघींनी न ठरवता एकाच माणसाकडं बघितलं. गेलनमामा आपलं चकचकीत पिस्तूल त्या मऊ कातड्यानं पुसत होता. आधीच पुसलेलं, पुन्हा पुसत होता.

ट्रेसाच्या छातीवरून कुणीतरी जातं उचललं. चूक आपली नव्हती. आपण चारही ओळी पाळल्या होत्या. तिला ओरडावंसं वाटलं. मामा, तूच! शनिवारच्या मास्तरा! मला रात्र रात्र झोप नाही आणि तू माझ्या आजीला बदकांच्या हवाली करायला निघालास! वनेटाचं तोंड तर उघडलंही होतं. ते उघडलं की तालुक्यातल्या प्रत्येक स्वैपाकघरात ही गोष्ट पोचणार, आणि पुढच्या शनिवारी हॉल रिकामा.

पण ट्रेसाला मॅमॉची ती नजर दिसली होती. मॅमॉनं सगळ्या घरासमोर त्याला सोडवलं होतं, त्याच एका खोट्यानं नातीलाही सोडवलं होतं, आणि त्याची किंमत म्हणून घर द्यायलासुद्धा ती तयार होती. वर टोपीवरची फुलं सारखी करत होती. आता ते खोटं तिच्या हातातून ओढून घ्यायचं, तर ओढायची रीत असायला हवी.

“थांब आई,” ट्रेसा वनेटाला म्हणाली. “माझा नंबर आहे.”

ती खोडापाशी गेली. मॅगझिन घातलं, स्लाइड ओढली. तिच्या हाताला ती लोण्यासारखी आली, आणि त्याचीच तिला लाज वाटली. पिस्तूल उचललं. नळीच्या टोकावरची नेमाची माशी तव्याच्या मधोमध धरली. श्वास अर्धा सोडला.

धक्का आला. सरक गं जरा.

तवा वाजला.

काय वाजला! मटाराच्या डब्यानं वाजवला तरी त्याच घंटेचा नाद. लांबवर टेकडीनं तो उचलला आणि परत पाठवला. मॅमॉनं मांडीवर थाप मारली.

ट्रेसानं पिस्तूल रिकामं केलं. मॅगझिन काढलं. स्लाइड ओढली, आतली गोळी गवतात पडली. आत डोकावून बघितलं, करंगळी घालून बघितली. मग ते उघडंच खोडावर ठेवलं. सगळं सावकाश, सगळ्यांना दिसेल असं.

“आता मी बोलायचं, आणि कुणी मधे यायचं नाही. बरोबर?”

“बरोबर,” मॅमॉ म्हणाली.

“मग माझी पाळी मी गेलनमामाला देते.”

“असं देता येत नाही,” मामा म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता.

“कुठं लिहिलंय? पॅपॉंनी म्हटलंय, वाजवील त्याचं बोलणं. माझं बोलणं, मी कुणालाही देईन. आणि तुला भाषण करायचं नाहीये मामा. पॅपॉंचं गाणं म्हण. लाकडी पिस्तुलाचं. तेवढंच.”

“ट्रेसा, हे काय पोरखेळ...”

“गेलन,” शार्लीनमामी म्हणाली. हळू. ट्रेसानं चमकून बघितलं. मामीनं हातातलं पुडिंगचं भांडं खाली ठेवलं. “म्हणा ना. रोज झोपेत म्हणताच की.”

मामानं टोपी काढली. टोपीखाली कपाळावर लाल वळ उठला होता. तो पॅपॉंसारखा, अगदी पॅपॉंसारखा दिसला. खांदे पुढं, हात लोंबते. बासष्ट वर्षांचा माणूस वर्गात फळ्यापुढं उभा केलेल्या पोरासारखा उभा राहिला.

“डबा आधी काढ बाळा,” तो म्हणाला.

बेडूक पुन्हा सुरू झाले होते.

“मग मागं...”

तो थांबला. कुणी पुढची ओळ सुचवली नाही. ती तिथं असलेल्या प्रत्येकाला येत होती, अगदी शार्लीनमामीलासुद्धा. पण नियम होता. वनेटा ओठ चावून उभी होती. तिची सिगारेट बोटांत विझली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

“मग मागं पाठ...”

त्यानं तोंडावरून हात फिरवला. खोडावरच्या त्या करड्या, स्वस्त, उघड्या पिस्तुलाकडं बघितलं. मग पहिल्यांदा मॅमॉकडं.

“मी पाठ आधी ओढली, आई. मटाराचा डबा गोळ्या नीट खातो का ते बघायला भरलं, आणि रिकामं करताना पाठ आधी ओढली. पडलेली गोळी बघितली आणि मला वाटलं, झालं. डबा नंतर काढला. दुसरी गोळी आत जाऊन बसली होती आणि मी आतल्या खोलीत बघितलंच नाही. तू फ्रिजपाशी वळलीस, लोणचं काढायला, आणि मी रिकामं समजून चाप ओढला. ती गोळी तुझ्या कानापासून वीतभर अंतरावरून गेली. तुझे केस हलले, आई. मी बघितले. मला ते स्वैपाकघर बघवत नाही. म्हणून तुला तिथून काढायला निघालो होतो.”